घोट्यावरचा खड्डा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान होतं. मालकाला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. एक वेळ कात्री थांबेल, पण तोंड थांबायचं नाही. दिवसभर खुर्चीभोवती उभा. टेकायलासुद्धा फुरसत नसे.

त्या वर्षी चपलेचा पट्टा त्याला रुतायला लागला. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. त्याने पट्टा सैल केला आणि विषय मिटवला. डोक्याखाली दुसरी उशी आली, तेव्हा बायको म्हणाली, "आडवं पडलं की धाप का लागते तुम्हाला?"

"वय झालं. तुझं नाही झालं वाटतं?"

ती हसली नाही. तिच्या वडिलांचं दुखणं असंच पायांपासून सुरू झालं होतं, आणि सगळ्यांनी कानाडोळा केला होता. तिने खाली बसून त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. भिजवलेल्या कणकेत रुतावा तसा खड्डा पडला. तो भरेचना. दुसऱ्या पायावरही तेच.

"मुरगळला असता तर एकच पाय सुजला असता," ती म्हणाली. "ठणकलाही असता. ठणकतोय?"

"छे."

"म्हणूनच भीती वाटते."

"सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा दाखवू," म्हणत तो दुकानात गेला. दुखणं अंगावर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

सोमवार उजाडायच्या आतच, एका दुपारी, शाळेतल्या शिपायाची दाढी चालली होती. रेडिओ कुठल्याशा लग्नातली फजिती सांगत होता आणि अर्ध्या वाक्यातच गप्प झाला. शिपायाला वाटलं, पुढचं आठवत असेल. वस्तरा गालावर टेकलेला, आणि मागून नुसता श्वास ऐकू येत होता, ओला, घरघरणारा. आरशात रेडिओचे ओठ निळसर दिसत होते.

मान जराही न हलवता शिपाई म्हणाला, "भाऊ, वस्तरा बाजूला ठेवा. सावकाश."

त्याने ठेवला आणि भिंतीला धरून खाली बसला. शिपायाने अर्ध्या दाढीनिशीच त्याला रिक्षात घातलं.

"हृदय थकलंय," डॉक्टर म्हणाले. "पाणी आधी पायांत होतं, आता फुप्फुसात साठलंय. सूज कधीपासून होती?"

निरोप मिळताच धावत आलेल्या बायकोने सांगितलं.

तो वाचला, पण हृदय पूर्वीसारखं होणार नाही, हे डॉक्टरांनी दोघांना स्पष्ट सांगितलं. आता दुकान पुतणी चालवते. त्याला जिना चढवत नाही, म्हणून नवराबायको वरची जागा सोडून दुकानामागच्या खोलीत राहायला आले आहेत.