उजवीकडचा काठ

माझी तयारी झाली ती दौंडला, भीमेच्या पाण्यात. तरणतलाव नावापुरता. रविवारी डेमू लोकलनं पुण्याला जायचं, कोचची बोलणी खायची आणि परत यायचं. बाकी दिवस नदी. पप्पा रेल्वेत पॉइंट्समन. ड्यूटी संपली की ते काठानं चालायचे आणि मी त्यांच्या बरोबरीनं पाण्यातून. प्रवाहाबरोबर चार किलोमीटर खाली जायचं आणि ओल्या कपड्यांनी, सीटवर पोतं टाकून, वडापच्या जीपनं घरी यायचं. प्रवाहाच्या उलट पोहायची वेळच आली नाही. त्यामुळे काठ कायम उजव्या हाताला. श्वासासाठी मान वळवली की चिखल तुडवत चाललेले पप्पा दिसायचे. दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शीक, असं कोचनं दहादा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

राज्याच्या संघात यायचं तर समुद्रात पाच किलोमीटर दोन तासांत पुरे करायचे होते. ते मला जमणार याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती, मला तर मुळीच नाही.

निवड चाचणीच्या दिवशी समुद्रात उतरले, तर किनारा डावीकडे होता. उजवीकडे मान वळवली की नुसतं पाणी. मी घाबरले, हे सरळच सांगते. घाबरून पुन्हापुन्हा तिकडेच बघत राहिले आणि बघत होते तिकडेच वळत गेले. बचाव होडीवाल्यानं दोनदा ओरडून मला किनाऱ्याकडे वळवलं. तिसऱ्यांदा त्यानं घड्याळ दाखवलं आणि मला होडीत घ्यायला हात पुढे केला.

परतीच्या गाडीत पप्पांपुढे लाटांना, कोचला, गॉगलला दोष देऊन झाला. शेवटी मी खरं काय ते बोलले. तुम्ही दिसत नव्हता, म्हटलं.

पप्पा म्हणाले, "मासंवाल्या मामांना सांगतो. उद्यापास्नं त्ये होडी घिऊन तुझ्या मागं ऱ्हातील. मी न्हाई येनार."

मला राग आला. तुम्ही असलात की धीर येतो, असं मी तोडून म्हणाले.

"त्योच तर घोळ हाय. चार वर्सं तू माझ्या भरवशावर पवतीयास, आन् मला पवायला येत न्हाई. तू बुडाली असतीस तर मी काठावर हुबं राहून काय केलं असतं?"

त्यांना पोहता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण रोज एवढी भीती पोटात घेऊन पप्पा ते चार किलोमीटर चालत होते, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.