बगळ्याच्या चोचीची विळी

जळकोटच्या बाजारात भाता लावून बसलेल्या त्या लोहाराचं नाव म्या विचारलंच न्हाय. गुडघं धरल्यापासून मला खाली बसून विळी चालवता येईना, अन् सुरीची सवय न्हाय. सून म्हणायची, "आत्याबाई, तुम्ही आराम करा." म्हंजे स्वयंपाकघरातून सुट्टीच की.

हे समदं लोहाराला सांगितलं, तसं त्यानं मला स्टुलावर बसवलं. "आजी, हवेत कांदा चिरून दाखवा." लोकं बघत होती, तरी म्या चिरला. त्यानं वितीनं मापं घेतली. म्हणाला, "गुडघं गेलं तुमचं, हात कुठं गेलाय?"

दुपारपर्यंत विळी तयार. रुंद पाटावर लांब लोखंडी पाय, वर बाकदार पातं, अन् न सांगता टोकाला बगळ्याची चोच, दोन डोळं.

"डोळं कशाला रं?"

"तुमच्या बोटांवर ध्यान ठेवायला," मान वर न करता तो बोलला.

घरी खुर्चीवर बसले, पाट पायानं दाबला अन् दोडका चिरायला घेतला. विळी हलली न्हाय. सून येऊन बघून गेली अन् आतून म्हणाली, "आत्याबाई, लई जाड चिरताय, बारीक करा."

चूक काढल्याचं एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.