गाडी चालते कुठं?

अमडापूरच्या रुखमाबाईला नवऱ्याची एक गोष्ट सांगायचा कधी कंटाळा आला नाही. माणूस तापट आहे, चहा गार झाला की घर डोक्यावर घेतो, पण शब्दाचा पक्का. एकदा बोलला की बोलला. बचत गटात, हळदीकुंकवात, माहेरी, जिथं जाईल तिथं ती हे सांगायची. सांगताना तिचा आवाज जरा चढायचा, कारण त्या शब्दाची झळ तिलाच बसली होती.

झालं होतं असं, की त्यांची एकुलती एक लेक पूनम हिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेही दुसऱ्या समाजातल्या मुलाशी, आणि मलकापूरला संसार थाटला. भगवानरावांनी अंगणात सगळ्या भाऊबंदांसमोर सांगून टाकलं, "पोरगी आपल्यासाठी मेली. या घरातलं कोणी तिच्याकडं जाणार नाही अन् तिच्याशी बोलणार नाही." चार वर्षं झाली त्याला. पहिल्या दिवाळीत पूनमचा फोन आला तेव्हा रुखमाबाई करंज्या तळत होती. पिठाच्या हातात तिनं फोन नुसता धरून ठेवला. तो वाजून वाजून बंद पडला आणि कढईतल्या करंज्या करपल्या. नवऱ्याचा शब्द बायकोनंच मोडला तर गावाला काय, टाळ्या पिटायला निमित्तच! पुन्हा फोन आला नाही. पुढं भाच्याच्या लग्नात पूनम येणार असं कळलं, तर ही पोट दुखतं म्हणून घरी बसली. रडायची ती न्हाणीत, नळ सोडून.

आता ही गोष्ट टायरपाशी कशी आली, ते ऐका. भगवानरावांची फोर बाय फोर जीप आहे, जुनी पण ठणठणीत. त्यांचं एक वावर नाल्यापल्याड आहे, सगळी काळी माती. पावसाळ्यात चारही चाकांना जोर असलेली गाडीच तिथवर पोचते, बाकीच्या रुतून बसतात. दर रविवारी पहाटे भगवानराव त्या वावरात जायचे ते दिवेलागणीलाच घरी. रोह्यांचे कळप पिकात घुसतात, डुकरं नासधूस करतात, सालदार गोविंदा एकटा कुठं कुठं पुरणार, असं त्यांचं म्हणणं. रुखमाबाई दोघांना पुरेल असा डबा बांधून द्यायची.

गेल्या आठवड्यात ती सोयाबीन पाहायला सोबत निघाली, आणि नाल्याच्या उतारावर गाडी अशी घसरली की बाईनं डोळेच मिटले. बाभळीला अडकली म्हणून वाचले दोघं. उतरून पाहते तर टायर पार गुळगुळीत, नक्षीचा पत्ता नाही.

"मी एकटाच चिखलीले जातो अन् टाकून आणतो," भगवानराव म्हणाले.

"बिलकुल नाही. तुमी पुन्हा घासलेलेच आणसान. मी येतो सोबत."

त्यांनी आज काम आहे म्हटलं, उद्या म्हटलं, दुकान बंद असेल म्हटलं. पण रुखमाबाई पिशवी घेऊन पुढच्या सीटवर बसली ती बसलीच. साधे टायर घ्यायला हा माणूस इतके आढेवेढे का घेतो, हा प्रश्न त्या माउलीला पडला नाही. तिला वाटलं, जिवाचा आळस आहे.

चिखलीच्या दुकानात अविनाश म्हणून एक बडबड्या गडी होता, दुकान त्याचंच. त्यानं आल्याआल्या गाडी जॅकवर चढवली, चारही चाकं काढून भिंतीला टेकवली, मावशीला खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, गाडी चालते कुठं?"

"वावरात. आणखी कुठं?"

"मंग बरोबर हाय. पण फोर बाय फोर हाय, चारही टायर एकसारखेच लागतीन, दोन नवे दोन जुने असं नाही चालत. अन् तीन तऱ्हेचे हायेत माह्याजोळ. हे जाड नक्षीवाले चिखलासाठी, माती धरून चालतात. पण डांबरावर घुरघुर करतात अन् लवकर झिजतात. हे रोडचे, काळ्या मातीत गेले की बसलेच. अन् हे मधले, थोडं हिकडं थोडं तिकडं."

"चिखलाचेच टाक," भगवानराव घाईनं म्हणाले. "आदीबी तेच होते."

अविनाशनं जुन्या टायरवर हात फिरवला, पुढच्या चाकांच्या कडा पाहिल्या आणि हसला. "काका, मजाक करता का माही? हे टायर वावरानं नाही खाल्ले, डांबरानं खाल्ले. अन् ह्या कडा पाहा, वळणं घेऊन घेऊन झिजल्या. घाटातून चालते हे गाडी. अमडापूरच्या वावरात घाट कवा झाला हो?"

"तुले काय करायचं? सांगतलं तेवढं कर!" भगवानराव खेकसले, आणि खेकसले तेच वाईट झालं. रुखमाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. कानशिलं लाल झाली होती आणि नजर गाडीच्या सांगाड्यावर खिळली होती. एवढी वर्षं संसार केला, खोटं पकडलं गेल्यावर हा माणूस कसा दिसतो हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

पहिल्यांदा तिच्या मनात जे यायचं तेच आलं. माय वं, बाई! या वयात? गुडघे दुखतात म्हणून रात्री तेल चोळून घेणारा हा बाप्या रविवारी घाट चढून कोणाकडं जातो? आणि माझ्या हातचा डबा कोणाला चारतो? 

ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "कोणता घाट?"

"घरी बोलू."

"घरी नाही. गाडीले चाकं नाहीत, आता इथूनच बोला. कोणता घाट?"

"राजूर घाट," भगवानराव पुटपुटले.

राजूर घाट उतरला की मोताळा, आणि मोताळ्याच्या पुढं मलकापूर. रुखमाबाईला आणखी काही विचारावं लागलं नाही. 

"पोरीकडं जाता तुमी?"

त्यांनी होय म्हणून मान हलवली.

"कवापासून?"

"तिले दिवस गेले होते तवा. मलकापूरच्या बजारात दिसली, भोवळ येऊन बसली होती बिचारी. मले पाहावलं नाही गं."

"दिवस गेले होते? पूनमले?"

भगवानरावांनी खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढं धरला. जीपच्या स्टेअरिंगमागं त्यांच्या मांडीवर दोनेक वर्षांची पोरगी बसली होती, कपाळावर गोंदणासारखी तीट, हातात अर्धी भाकर. आणि भगवानराव हसत होते, सगळे दात दाखवून. चार वर्षांत घरात हा माणूस एकदा तरी असा हसला असेल तर शपथ! तिला वाटलं होतं लेकीच्या दुःखानं वाळला. हा रविवारी जाऊन पोटभर हसून यायचा आणि सोमवारी पुन्हा घरात तोंड पाडून बसायचा.

"रेवती नाव हाय," ते म्हणाले. "मले आबा म्हणते."

रुखमाबाई त्या भाकरीकडं पाहत होती. भाकर तिनंच थापलेली. कडेला दुमडलेली, तव्याचा तो डाग, आपली भाकर बाईला कळत नाही होय? म्हणजे डबा मलकापूरला जात होता. आणि तो मेला गोविंदा दर सोमवारी येऊन सांगायचा, काकू, ठेचा लय भारी झाला होता! सगळे मिळून तिला उल्लू बनवत होते, आणि ती गावभर सांगत होती, माझा नवरा शब्दाचा पक्का.

"मी आजी झाली," ती म्हणाली, "अन् मले टायरच्या दुकानात समजलं."

अविनाश कधीच मागच्या बाजूला सटकला होता. भगवानराव म्हणाले, "तुले सांगणारच होतो. पण सांगू कसं? मीच बोललो होतो ना सगळ्याइच्या समोर."

"ते जाऊ द्या. पूनमनं विचारलं असंल ना, आई काऊन येत नाही म्हणून?"

भगवानराव फोन खिशात घालायला लागले.  तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली. "काय सांगतलं तिले?"

"आता जे झालं ते..."

"काय सांगतलं?"

"सांगतलं की तुह्या मायचा राग गेला नाही अजून. तुहं नाव काढू देत नाही." ते भिंतीच्या टायरकडं पाहत म्हणाले, "काय करू मंग? मी मनाई केली होती अन् मीच येतो, असं पोरीले कोणत्या तोंडानं सांगू? अन् तू तिचा फोनबी उचलला नव्हता, म्हणून तिले खरं वाटलं."

रुखमाबाईला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलंच नाही. आलं ते भलतंच. या माणसानं तिला गावासमोर आपल्या शब्दाला बांधून ठेवलं, स्वतः मात्र तो शब्द गुंडाळून ठेवला, आणि वर तिच्या लेकीच्या नजरेत तिलाच दगड ठरवलं. तिच्याच भाकरी खात खात ती पोरगी आईवर कष्टी होत राहिली. तिनं बाही सोडली आणि खुर्चीवरची पिशवी उचलली.

"कुठं चालली?" भगवानराव दचकले.

"मलकापूरले."

"थांब ना, टायर बसू दे. दोघं मिळून जाऊ, मी समजावून सांगतो तिले."

"तुमी लय समजावलं तिले. आता बसा इथं." गाडी चारही बाजूंनी जॅकवर लटकलेली, आणि शेजारी हा उभा, जाणार कुठं? दारातून तिनं मागं पाहत हाक मारली, "अविनाश, ह्याइच्या गाडीले चिखलाचेच टाकून दे बाप्पा. ह्याइले वावरातच जायाचं राह्यते रविवारी."

एस.टी. स्टँडवर पोचली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, लेकीचं घर कुठं आहे हेच आपल्याला ठाऊक नाही. माघारी जाऊन त्याला विचारायचं? मेले तरी नाही. तिनं पिशवीतून फोन काढला. पूनमचा नंबर तिनं कधीच खोडला नव्हता. 

दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला. मागं एक लहान लेकरू काहीतरी मागत होतं, एवढंच ऐकू आलं.

"पूनम?"

 मग एकदम बारीक आवाज, "आई... तुहा राग गेला का वं?"

"राग तर आता आला हाय, बाई," रुखमाबाई म्हणाली, आणि भर स्टँडवर, एवढ्या माणसांत, नळ ना बिळ, ती धाय मोकलून रडायला लागली. "तुह्यावर नाही आला. कवाच नव्हता. तू मले घराचा पत्ता सांग पह्यले, गाडी लागली हाय."