कडक भाकरी आणि चिरकणारी क्लॅरनेट

सोलापुरात बँडवाल्याची क्लॅरनेट चिरकली की तो आधी पत्तीला शिव्या घालतो, मग उन्हाला, आणि मग माझ्याकडं येतो. तोंडात धरायची ती वेताची पातळ पत्ती बिचारी, तिला बोलता येत नाही म्हणून सगळ्यांचा राग तिच्यावर. जुळे सोलापूर भागात घराच्या जिन्याखाली बसून मी वर्षानुवर्षं ही वाद्यं दुरुस्त करतोय. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटांत रोग सांगतो. आणि पत्तीचा दोष दहात एकदा निघतो.

गेल्या उन्हाळ्यात माझे वस्ताद आले. क्लॅरनेट मला यांनीच शिकवली, बोटांवर पट्टी मारून मारून. सत्तरी उलटली तरी बँडमध्ये सगळ्यात पुढं तेच. त्यांनी पिशवीतून क्लॅरनेट काढून माझ्यापुढं ठेवली.

"लई चिरकतीय रं. मालक म्हनला, रविवारी होटगीच्या लग्नात एकदा जरी चिरकली तर बँडचा कोट जमा करा आन् घरी बसा."

माझं डोकंच फिरलं. या मालकाच्या बापाच्या लग्नात वाजवलेला माणूस आणि त्याचा कोट काढून घेणार म्हणे. "बघतोच," म्हटलं.

चाव्या तपासल्या. बुडाशी हात लावून फुंकून बघितली, हवा कुठं गळेना. पत्ती सरळ होती. मी वाजवली, सूर स्वच्छ. वस्तादांनी वाजवली, तर खाली ठीक आणि वरच्या सुरांना जाताच चिर्रर्र.

"दम संपला माजा," ते म्हणाले.

"दम संपल्यावर सूर बसतो, चिरकत न्हाय. तुमीच शिकवलंय की."

बोललो खरं, पण पाच मिनिटांचा तास झाला होता आणि मला काही सापडत नव्हतं. याची लाज वाटली.

तेवढ्यात बायकोनं जेवायला वाढलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. वस्तादांनी भाकरी दह्यात बुडवली आणि ती मऊ व्हायची वाट बघत बसले. मी घास हातात धरून बघत राहिलो. एरवी वस्ताद कडक भाकरी मोडायला लागले की आवाज शेजारच्या घरात जायचा. भिजवून खाणाऱ्याला ते पेशंट म्हणायचे.

"वस्ताद, तोंड उघडा."

"तू काय डाक्टर हायस व्हय?"

"उघडा म्हणतो की."

वर नवी कोरी कवळी. तीन आठवडे झाले होते बसवून, आणि कुणाला पत्ता नव्हता. "बँडात कळलं तर म्हनत्याल, म्हाताऱ्याचं बोळकं झालं. मग कोन फुडं उभं करतंय," ते हळूच म्हणाले. क्लॅरनेटवर वरचे दात टेकवावे लागतात; कवळी सरकू नये म्हणून ते जबडा आवळायचे, पत्ती दाबली जायची आणि सूर चिरकायचा. त्यांचा असा चोरटा चेहरा बघून मला वाईट वाटलं.

"तुमचे वडील सनई वाजवायचे ना? त्यांना शेवटी दात होते?"

"एकबी नव्हता."

"मग कशानं धरायचे?"

सनईला दात लावतच नाहीत, सगळी पकड ओठांची. वस्तादांनी कवळी काढून डबीत ठेवली आणि क्लॅरनेट दोन्ही ओठांत धरली. आधी नुसती हवा आली.

"परत," मी म्हटलं. या माणसाला मी असं कधी बोललो नव्हतो. त्यांनी निमूटपणे परत फुंकली. चार दिवस रोज येत होते. तिसऱ्या दिवशी ओठ सुजले, पण सूर सरळ झाला.

रविवारी मुद्दाम होटगीला गेलो. नवरदेव मारुतीला निघायच्या आधी वस्तादांनी इकडंतिकडं बघून डबी माझ्या हातात दिली. "धर. पाडू नकोस," म्हणाले आणि कोटाची बटणं लावून पुढं जाऊन उभे राहिले. मालक कान टवकारून शेजारून चालत होता. वस्ताद वरच्या सुरांकडं चढले, तशी मी खिशातली डबी घट्ट धरली. सूर वर गेला आणि तिथंच थांबला, न चिरकता. माझे डोळे भरून आले, उगाच कशाला लपवू.

देवळापाशी मालक माझ्याजवळ आला.

"नीट झाली की. काय झालं हुतं?"

"पत्ती," मी म्हटलं. "पत्तीच खराब होती."