हत्तीची एकादशी आणि माझा डिस्चार्ज

आमचे पणजोबा दरबारी पुरोहित. त्यांनी दरबारातल्या एका हत्तीला एकादशी करायला लावली होती. त्या दिवशी तो उसाकडे ढुंकूनही बघत नसे. त्याची साबुदाण्याची खिचडी विहिरीएवढ्या कढईत व्हायची आणि दाण्याचं कूट बैलगाडीतून यायचं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात प्रत्येक मराठी घराला असा एखादा पूर्वज असतोच. कुणाच्या पणजोबांनी महाराजांना बुद्धिबळात रडवलेलं असतं, कुणाच्या आजोबांच्या खाकरण्याने किल्ल्याला तडा गेलेला असतो. आम्ही एकमेकांचं ऐकतो, माना डोलावतो आणि आपली पाळी आली की तडा वीतभर वाढवतो. इंदरगंजातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात निम्मं गिऱ्हाईक हत्तीसाठीच यायचं.

गेल्या वर्षी माझं बोलणं बंद झालं. कारण विचाराल तर सांगता येत नाही, आणि एरवी मी कारणं घाऊक भावात पुरवणारा माणूस. दुकानाचं शटर उचलेना, घास गिळेना. सकाळ झाली की वाईट वाटायचं. बिऱ्हाड दादाच्या घरीच, त्यामुळे हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी वहिनी, म्हणजे दादाची बायको, माधवगंजातल्या शाळेची निवृत्त हेडबाई, चपला घालून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "चला भाऊजी, डॉक्टरकडे."

डॉक्टरकडे म्हणजे कुठे, हे मी ओळखलं. लहानपणी एका चुलत काकांना हात बांधून जीपमधून नेताना मी पाहिलं होतं. परतले ते डोकं भादरलेले. पुढे आयुष्यभर ते कुणाशी बोलले नाहीत. माझ्या लेखी मनाचं इस्पितळ म्हणजे ती जीप.

इथे तर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, तुम्हाला इथे राहायचंय का? त्या कुणाशी बोलताहेत म्हणून मी मागे वळून पाहिलं. त्यांनी समजावलं, आता तसा कायदाच आहे. आपल्या मर्जीने आलात तर आपल्या मर्जीने जाता येईल. जिवाला धोका वाटला तरच तपासणीपुरतं थोडं थांबवू. कपडे तुमचेच, फोन करता येईल, केसांना कुणी हात लावणार नाही. आणि तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीने बोलणारं माणूस तुम्हीच नेमा.

दादा हार घालून घ्यायला निघालेल्या नवरदेवासारखा पुढे झाला. मी राहायला मान डोलावली आणि वहिनीचं नाव सांगितलं. दादा रागाने पायी निघाला तो, माझ्या अंदाजाने, आग्र्याच्या अलीकडे थांबला. त्याची माया आहे माझ्यावर, पण हत्तीवर औषध चालू करा असं तो माझ्या मुंजीपासून म्हणत आला आहे.

औषधं लागू पडली. जेवण जाऊ लागलं, झोप लागू लागली, आणि एका सकाळी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना मी हत्ती सांगितला. दोन दिवसांत सगळ्या वॉर्डात त्याचा उपास पोचला. मग मी घरी जाण्याची परवानगी मागितली आणि तिथेच अडकलो. डॉक्टरीणबाई रीवाकडच्या, आमचे पूर्वज त्यांना ठाऊक नाहीत. खाली गेलेलं मन औषधाने भलतंच वर तर उसळलं नाही ना, असं त्यांना वाटलं. तसं असेल तर मुक्काम लांबणार होता. हत्ती खरंच उपास करायचा का, असं त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की फक्त एकादशीला, महाशिवरात्रीला सवलत होती. त्यांचं पेन भराभर धावू लागलं.

तेवढ्यात दादाचा फोन आला, दिवाळीपर्यंत ठेवूनच घ्या. बाईंनी त्याला माझ्या तब्येतीचं अक्षरही सांगितलं नाही. फोन ठेवून मला विचारलं, भावाला सांगू का? माझ्या आजाराचा मालक मी आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, नको. वहिनीला बोलवा.

वहिनी आली. बोलणं हिंदीत झालं, मी आपल्या भाषेत सांगतो. बाईंनी हत्तीचं विचारलं. ती खरं आहे म्हणाली तर दोघांनाही ठेवून घेतील, खोटं म्हणाली तर मला एकट्याला.

"सगळं खोटं आहे," वहिनी म्हणाली. "दर खेपेला वाढतं. पण यांना इथे आणलं तेव्हा हत्ती नव्हता, डॉक्टर. महिनाभर नव्हता. म्हणून तर आणलं. आणि खोटं आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, त्यांनाच विचारा."

बाई माझ्याकडे वळल्या. आमच्या सात पिढ्यांत हे कुणी कबूल केलेलं नाही. मी म्हटलं, "खोटं आहे." आणि राहवेना म्हणून पुढे म्हटलं, "खिचडी सोडून."

बाई हसल्या. पण सोडलं नाही. झोप किती, खर्च किती, राग कुणावर, सगळं विचारलं, वहिनीकडून पडताळून घेतलं आणि संध्याकाळी घरी जायला मोकळीक दिली. उपकार कुणाचे मानू? बाईंचे, वहिनीचे, आणि कुठे कुणी बसून असला कायदा लिहिला असेल त्यांचे. घरी दादा दोन दिवस घुम्यासारखा वागला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच माझ्या दुकानाचं शटर उचलून आला.

वहिनीने एकच अट घातली. दिवसभर गिऱ्हाइकांना काय वाट्टेल ते सांगा, सकाळी मला एक खरं सांगायचं, रात्री झोप लागली की नाही. रोज सांगतो. परवा सांगितलं, दोन रात्री लागली नाही. तिने चहाचं आधण ठेवलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्वतः एक शब्द न बोलता माझ्या हातात दिला.