एकवीस मार्कांचा पेपर

बायकोच्या दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं तरी नाही. झाडावर दहा-बारा बसलेले, पण खाली एक उतरायला तयार नाही. भटजी म्हणाले, "माउलीची काही इच्छा राहिली असेल तर बोला कोणीतरी."

मेहुणा पुढं झाला. "अक्का, दाजींकडं आम्ही बघू. तू निर्धास्त जा." काही नाही. मेहुणी म्हणाली, "तिला चहा लय लागायचा, चहा ठेवा." टपरीवरून कागदी कप आणून ठेवला. मग माझ्या लेकीनं हात जोडले. "आई, अण्णांना मी पुण्याला घेऊन जाते." मागून कोणीतरी पुटपुटलं, "आता तर कावळा नायच येत." दोघंतिघं हसले. मी हसलो नाही. कशावर अडलंय ते मला माहीत होतं.

आम्हाला दोन पोरं. लेक मोठी, मुलगा तिच्याहून तीन वर्षांनी लहान. आमची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. लेकीचं डोकं गणितात असं चालायचं की बाई फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत हिचं उत्तर तयार. मुलाचं वेगळं होतं. दहा वर्षांचा असताना ओट्यावर जेवता जेवता म्हणाला, "अण्णा, विहिरीवरची मोटर वेगळी वाजतीय. बेअरिंग गेलंय." मी म्हणालो, गप जेव. दोन दिवसांनी मोटर जाम झाली. असं एकदा नाही, खूपदा झालं. पण त्याला मी हुशारी म्हणत नव्हतो. पोराचा कान तिखट आहे, एवढंच म्हणायचो. हुशारी म्हणजे मार्क. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला कागदावरचं तेवढंच कळायचं.

पाहुणे आले की मी ओळख करून द्यायचो, "ही आमची हुशार. आणि हा धाकटा." पाहुणे गेल्यावर बायको म्हणायची, "त्यालापण काहीतरी म्हणा की."

"काय म्हणू? मोटर म्हणू?"

एका सकाळी फुलांवरचं ओलं गोणपाट उचललं, तर खाली घडी केलेला पेपर. गणिताचा. शाळा सेमी इंग्रजी, त्यामुळं वर नाव, वर्ग सगळं इंग्रजीत. ते मला वाचता येत नव्हतं. लाल आकडा वाचता आला. पन्नासपैकी एकवीस. एकवीस म्हणजे कोणाचा, हे मला विचारावंसं वाटलं नाही. मुलगा ओट्यावर दात घासत होता. त्याच्या कानाखाली ठेवून दिली. म्हणालो, "लपवतोस? बहिणीचे पाय धुऊन पाणी पी." त्यानं माझ्या हातातला पेपर बघितला. मग बहिणीकडं बघितलं. ती दारात वेणी घालत उभी होती. त्यानं चूळ भरली आणि दप्तर उचललं. ती वेणी घालत राहिली.

संध्याकाळी बायकोनं पेपर हातात घेतला. ती सातवी शिकलेली, एकेक अक्षर जुळवून वाचायची. म्हणाली, "अहो, हे नाव पोरीचं आहे."

मी म्हणालो, "असू दे. त्यालापण कधीतरी पडलेच असतील एकवीस."

हे मी बोललो. आता बदलून सांगण्यात अर्थ नाही.

लेकीनं पेपर का लपवला, ते तिनं आईला सांगितलं होतं. "अण्णा हुशार म्हणतात ना." दहावीच्या वर्षी ती परीक्षेच्या दिवशी सकाळी उलट्या करायची. मी लोकांना सांगायचो, अभ्यास अंगावर घेते पोरगी. म्हणजे मी एकाला खाली दाबलं आणि दुसरीला इतकं उंच बसवलं की तिला उतरायची भीती वाटायची. बायकोला हे तेव्हाच दिसत होतं.

पुढं लेक इंजिनीअर झाली, मुलानं जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरायचं दुकान टाकलं. पंचक्रोशीतली बिघडलेली मोटर त्याच्याकडं येते. उघडायच्या आधी तो कान लावतो. बायको दरवर्षी एकदा तरी म्हणायची, "त्याला सांगून टाका. चुकलं म्हणा." दवाखान्यात शेवटीही विचारलं, "सांगितलं का?" मी म्हणालो, सांगतो. चौथ्या दिवशी ती गेली.

म्हणून गंगेवर मीच उठलो. गुडघे धरून पिंडापाशी गेलो. तोंड उघडलं, आणि कावळा आला. भाताचं शीत उचललं आणि गेला. सगळे म्हणाले, "झालं, झालं, मोकळी झाली," आणि चपला शोधायला लागले. खरं सांगतो, मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. टेम्पोत बसल्यावर मात्र वाटलं, तिनं मला सोडवलं नाही. कावळ्याला नका बोलू, पोराला बोला, असं म्हणाली.

दुपारी मुलगा विहिरीवर होता. डोक्याचं मुंडण केलेलं, त्यावर टॉवेल. मोटर चालू करून ऐकत होता. मी म्हणालो, "तो पेपर तुझा नव्हता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

त्यानं मोटर बंद केली. "ताईनं शाळेत जातानाच रडून सांगितलं होतं. मग आईनं सांगितलं. तुम्ही तेवढे राहिला होतात."

"चुकलं माझं."

"बरं," म्हणाला. मग स्विचकडं हात नेत म्हणाला, "लय जोरात मारली होती, अण्णा." आणि मोटर पुन्हा चालू केली.

तेराव्याला लेकीच्या सासरचे लोक आले. त्यातले एक म्हातारे आमच्याकडं पहिल्यांदाच आलेले. दोघं पोरं पंगतीत वाढत होती. सवयीनं माझ्या तोंडात आलं, ही आमची हुशार. पण मी थांबलो. म्हणालो, "ही माझी मुलगी. हा माझा मुलगा."

बायकोला याहून जास्त काहीतरी ऐकायचं असणार. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.