शेवटच्या गाडीचा प्रश्न

सराफ्यातले काका रविवारी आम्हा मित्रांना टीव्हीवर मोटारींची शर्यत बघायला घरी बोलावतात. पहिला नंबर लागला की आम्ही उठतो. "काहून उठून राहिले? मागचे येऊन राहिले ना अजून. बैठो," म्हणत ते चहासुद्धा अडवून धरतात.

मध्यंतरी शर्यत भरवणाऱ्या संस्थेच्या मुख्य साहेबांना प्रेक्षकांनी प्रश्न पाठवायचे होते. आम्ही इंजिनाचे, नियमांचे सुचवले. काकांनी माझ्या फोनवरून एवढंच पाठवलं: शेवटची गाडी येईपर्यंत तो चौकडीचा झेंडा हलवणारा झेंडेवाला थांबतो का? टीव्हीत दाखवत नाहीत.

उत्तर आलं नाही. गेल्या रविवारी सगळे निघून गेले आणि माझी स्कूटर सुरूच होईना. ती एकदाची सुरू होऊन गल्लीबाहेर वळेपर्यंत काका दारात उभे होते, खांद्यावरचा चौकडीचा गमछा हलवत.